मुलगा काय करतो?

आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुलगा काय करतो?" पत्रिका, गोत्र, मामेकुळी सगळं त्यानंतर. या साध्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा खोटं दिलं. समोर माझा सख्खा धाकटा भाऊ बसला होता आणि त्याने ते ऐकलं. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, तरी तिची बोच गेलेली नाही. म्हणून आज ती वाचकांपुढे मांडते आहे.

२०१९ सालचा डिसेंबर. मी आठवड्याची रजा घेऊन माहेरी, भुसावळला गेले होते. सकाळी नऊच्या सुमाराला नाशिकहून फोन आला. स्थळाची चौकशी होती. अण्णांनी दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "तू बोल. तुम्हा पत्रकारांना नीट बोलता येतं."

पलीकडून आवाज आला, "मुलगा बी.एस्सी. आहे असं कळलं. नोकरी कुठे करतो?"

भाऊ समोरच ओसरीत बसला होता. वर्तमानपत्रं पसरून त्यावर त्याने एका जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उतरवून ठेवला होता. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी त्याच्याकडे पाहिलं आणि फोनवर म्हणाले, "एका कंपनीत आहे. टेक्निकल साइडला, सुपरवायझर."

कोणतीही कंपनी नव्हती. स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं स्वतःचं, दहा बाय बाराचं, फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मान वर केली नाही. हातातला पाना तेवढा खाली ठेवला आणि उठून नळावर हात धुवायला गेला.

पदवी भिंतीवर, मुलगा माडीवर

आमचे अण्णा रेल्वेत होते. माल कार्यालयात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. भुसावळसारख्या गावात रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. क्वार्टर, पास, दवाखाना, पेन्शन. घड्याळ रेल्वेचं, कॅलेंडरही रेल्वेचं. मुलगा शिकला की सरकारी नोकरीत लागणार, हे अण्णांच्या दृष्टीने गाडीच्या वेळापत्रकासारखं होतं. गाडी उशिरा येईल, पण येईल.

भाऊ २०१२ साली रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. काळा झगा घातलेला त्याचा फोटो देवघरासमोरच्या भिंतीवर लागला. मग तो पुण्याला गेला. तीन वर्षं अभ्यासिका, मेस आणि एका खोलीत चौघं. राज्यसेवा, बँक, रेल्वे, जी जाहिरात निघेल तिचा अर्ज. एकदा पूर्वपरीक्षा पार पडली, मुख्य परीक्षेत राहिली. अण्णा दर महिन्याला निवृत्तिवेतनातून सहा-सात हजार पाठवत. २०१५ साली तो परत आला आणि माडीवरच्या खोलीत राहू लागला.

त्या दिवसांविषयी आईने मला नंतर एकच गोष्ट सांगितली. म्हणाली, "तो जेवायला बसला की दुसरी पोळी मागायचा नाही. मी वाढली तर नको म्हणायचा." चोवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरात पोळी मागायला लाजत होता. लग्नाकार्याला जाणं त्याने बंद केलं होतं, कारण तिथे प्रत्येक जण तेच विचारणार.

हे फक्त आमच्या घरातलं चित्र नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेबरोबर २०२४ साली भारतातल्या रोजगाराचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला आकडा वाचून मी थबकले. २०२२ साली देशातल्या पदवीधर तरुणांमध्ये बेकारीचं प्रमाण २९.१ टक्के होतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ते होतं फक्त ३.४ टक्के. म्हणजे शिकलेल्याची बेकारी जवळपास नऊ पट.

याचा अर्थ शिकू नये असा मुळीच नाही. ज्याच्या घरात चूल संध्याकाळच्या मजुरीवर पेटते, त्याला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते काम करतो, आणि त्या कामाचे पैसे किती तुटपुंजे असतात हे आपण जाणतोच. पदवीधर मात्र वाट पाहतो. पदवीला शोभेल अशा नोकरीची वाट. त्या वाट पाहण्याचा खर्च आईवडिलांच्या पेन्शनमधून भागतो. आणि पैशापलीकडे जे खर्च होतं, ते पोळीच्या गोष्टीत आलंच आहे.

जिना चढून पुन्हा खाली?

२०१५ च्या मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला. भुसावळचा मे! पारा ४५ च्या घरात, आणि घरात थंड पाणी नाही. दुरुस्तीला जो मुलगा आला तो भावाच्याच शाळेतला, दोन वर्षं मागे असलेला. भाऊ त्याच्याजवळ दोन तास बसला. गॅस कुठून गळतो, तो साबणाच्या फेसाने कसा शोधतात, नवा गॅस भरण्याआधी नळीतली हवा आणि ओल पंपाने का ओढून घ्यावी लागते, सगळं विचारत राहिला. जाताना तो मुलगा म्हणाला, "दादा, मी हे सर पाठ करून शिकलो. तुम्ही तर बी.एस्सी., तुम्हाला कारण माहीत आहे."

दुसऱ्या महिन्यात भावाने आयटीआयचा अर्ज भरला. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग, दोन वर्षांचा ट्रेड.

घरात जणू सुतक आलं. अण्णा म्हणाले, "बी.एस्सी. होऊन आयटीआय? म्हणजे जिना चढून पुन्हा खाली उतरायचं?" आणि मग ते जवळजवळ महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्यांचा निरोप आईकडून त्याला जायचा आणि त्याचं उत्तर आईकडूनच परत यायचं.

मी काय केलं? मी पुण्याहून फोन केला आणि म्हटलं, "अरे, अजून दोन वर्षं परीक्षेला देऊन बघ ना. लोक काय म्हणतील?"

तो म्हणाला, "ताई, लोक गेली तीन वर्षं म्हणतच आहेत. आता निदान काम करताना म्हणू देत."

वर्गातले काका

वर्गात सगळी दहावी झालेली, सोळा-सतरा वर्षांची मुलं. ती याला 'काका' म्हणत. सुरुवातीचे काही आठवडे फक्त कानस चालवायची. लोखंडाचा तुकडा घ्यायचा आणि गुण्यात बसेपर्यंत घासायचा. पहिल्या गुण्याला त्याचा तुकडा वाकडा निघाला आणि शेजारच्या पोराचा सरळ. पहिल्या वर्गातल्या पदवीधराला ही गोष्ट पचवायला जड गेली, असं तो स्वतःच हसत सांगतो.

मग तांब्याची नळी कापणं, तिचं तोंड फुलवणं, ब्रेझिंग करणं, विजेच्या जोडण्या. संस्थेत साहित्याची चणचण होती. व्हॅक्यूम पंप एकच, आणि तोही अर्धा वेळ बंद. पण शिकवणारे सर हाडाचे कारागीर होते. कॉम्प्रेसरला हात लावून ते आजार ओळखत. भावाने एकदा त्यांना विचारलं, "सर, दाब वाढला की उकळण्याचं तापमान वाढतं, ते आम्ही कॉलेजात शिकलो. तेच हे का?" सर म्हणाले, "मला तुझं पुस्तक माहीत नाही. पण गेजचा काटा तेच सांगतो."

त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की आपली तीन वर्षं वाया गेली नाहीत. पुस्तकातलं समीकरण त्याच्या हातातल्या गेजवर हलत होतं. पदवीने 'का' शिकवलं होतं, आयटीआय 'कसं' शिकवत होती.

इथे मला माझ्याविषयीही सांगायला हवं. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि मग पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम केला. त्यात आम्हाला काय शिकवलं? बातमी कशी लिहायची, मथळा किती शब्दांचा, मुद्रितं कशी तपासायची, मुलाखतीला जाताना काय विचारून ठेवायचं. हेही कसबाचंच शिक्षण होतं. पदवी झाल्यावर पोटासाठी शिकलेलं कसब. पण मी पदविकेला प्रवेश घेतला तेव्हा अण्णांनी पेढे वाटले होते. मी जिना उतरले असं कुणीही म्हणालं नाही. फरक एवढाच की माझ्या बोटांना शाई लागत होती आणि त्याच्या बोटांना ग्रीस.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत होते. त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडे कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ साली राहत्या घरी औषधं बनवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये त्यातूनच बेंगॉल केमिकल ही कंपनी झाली. बंगाली पदवीधर कारकुनीमागे धावतो, याची खंत राय यांनी आयुष्यभर बोलून दाखवली. शंभर वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही जुनी वाटत नाही, ही आपल्यासाठी काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

हात शिकला, हिशेब राहिला

२०१७ साली आयटीआय झाली. नंतर वर्षभर एका शीतगृहात शिकाऊ उमेदवार म्हणून काम केलं. तुटपुंजं विद्यावेतन, रात्रपाळी, पण मोठी यंत्रं हाताखाली आली. त्याच २०१८ साली रेल्वेच्या सुमारे ९० हजार जागांची भरती निघाली आणि देशभरातून दोन कोटींहून अधिक अर्ज आले. अण्णांनी ती बातमी दोनदा वाचली. काही बोलले नाहीत. पेपराची घडी घातली आणि भावाच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून दिली. आमच्या घरात समेट असाच होतो.

त्याच पावसाळ्यात त्याने दुकान थाटलं. पुढचा उन्हाळा तर कामाने भरून वाहिला. सकाळी सातला निघायचा, रात्री अकराला परत. गंमत अशी की जूनमध्ये आईने विचारलं, "हातात किती उरले?" तर याला सांगता येईना.

खिशात पैसे यायचे, खिशातून जायचे. गॅसचा सिलिंडर, कपॅसिटर, तांब्याची नळी, पेट्रोल, सगळं एकाच खिशातून. ओळखीचे लोक म्हणत, "घरचाच आहेस, बघू पुढच्या महिन्यात." आणि शिकलेल्या माणसाला पैसे मागायची लाज वाटते. मे अखेर चाळीस हजारांच्या वर उधारी लोकांकडे अडकली होती. पाऊस पडला तसे फोनही थांबले. मार्च ते जून कमाई आणि बाकी आठ महिने माश्या मारायच्या, असा हा धंदा आहे, हे त्याला कोणत्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

मार्ग दाखवला आईने. आई नववी शिकलेली, पण बारा वर्षं बचतगटाची खजिनदार. तिने दोन वह्या आणल्या. एक दुकानाची, एक घराची. म्हणाली, "सामानाचे पैसे आधी घ्यायचे, मजुरी काम झाल्यावर. दुकानातून घरासाठी पैसे घेतलेस तर पगार म्हणून लिहायचे. आणि उधारीची यादी दर सोमवारी मला वाचून दाखवायची." सोमवारी यादी वाचताना एखाद्या नावावर तो अडखळला की आई पदर खोचून म्हणायची, "त्यांच्याकडे मी जाते." तिला एकदाही जावं लागलं नाही. ती येणार म्हटल्यावर पैसे यायचे.

पदवी, आयटीआय, शिकाऊ उमेदवारी या तिन्हींनी जे शिकवलं नव्हतं, ते नववी शिकलेल्या बाईने शिकवलं. कसब येणं वेगळं आणि धंदा चालवणं वेगळं.

कर्ज आधी की कसब आधी?

याउलट आमच्याच नात्यात एक उदाहरण घडलं. माझा एक चुलतभाऊ इंजिनिअर झाला, नोकरी मनासारखी मिळेना. उद्योजक व्हायचं म्हणून त्याने कर्ज काढून कॉफीचं दुकान टाकलं. फर्निचर उत्तम, पाटी झगमगीत. पण तो स्वतः कधी स्वयंपाकघरात उभा राहिला नव्हता. कामगार आला नाही की दुकान बंद. अकरा महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला आणि हप्ते काकांच्या पगारातून गेले. मुलगा आळशी नव्हता. त्याचा क्रम चुकला होता. पैसा आधी आणि कसब नंतर, असा हिशेब बसत नाही.

शिकायच्या जागा आपल्याकडे नाहीत असं नाही. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे १९८२ साली वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि सिंडिकेट व कॅनरा या बँकांच्या साहाय्याने ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली. राहायची-जेवायची सोय, फी नाही आणि नंतरही पाठपुरावा. त्याच धर्तीवर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांच्या आधाराने अशी केंद्रं निघाली. अहमदाबादला १९८३ साली उद्योजकता विकास संस्था उभी राहिली, आणि आपल्याकडे १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा २०१४ साली बदलला आणि इंजिनिअर नसलेल्या, म्हणजे साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पदवीधरांनाही शिकाऊ म्हणून उमेदवारी करायचा रस्ता मोकळा झाला. विनातारण कर्जासाठी २०१५ साली मुद्रा योजना आली. तिची मर्यादा तेव्हा दहा लाख होती. आधीचं मोठं कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ती २०२४ मध्ये वीस लाख झाली.

पण कागदावरचं सगळंच हातात येतं असं नाही. माझा भाऊ कर्जासाठी एका बँकेत पाच चकरा मारून आला. दर वेळी एक नवा कागद. शेवटी आईच्या दोन वह्याच कामाला आल्या. वर्षभराचा जमाखर्च समोर ठेवला तेव्हा कुठे साहेबांनी चष्मा काढून नीट पाहिलं. तसंच प्रमाणपत्रांचं. काही आठवड्यांच्या वर्गाने प्रमाणपत्र मिळतं, हात बसत नाही. हात बसायला कुणातरी जाणत्याच्या हाताखाली वर्ष काढावंच लागतं.

आणि प्रत्येक पदवीधराने दुकानच थाटावं, असंही मी म्हणणार नाही. सगळ्यांनाच धंद्याची जोखीम झेपत नाही. चांगल्या नोकऱ्या निर्माण करणं ही सरकारची आणि उद्योगांची जबाबदारी आहे, ती तरुणांच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. पण ज्याने हात काळे करायचं ठरवलं आहे, त्याच्या वाटेत निदान घरच्यांनी तरी उभं राहू नये.

खरं उत्तर

आता त्या फोनकडे येते.

त्या दिवशी हात धुऊन आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, नंबर दे." मी दिला. त्याने माझ्यासमोरच नाशिकला फोन लावला. "नमस्कार काका. ताईची जरा चूक झाली. मी नोकरी करत नाही. माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. मी स्वतः काम करतो. तुम्हाला चालत असेल तर पुढे बोलू."

त्यांना चाललं नाही. बोलणं सभ्यपणे संपलं. भावाने फोन ठेवला आणि मला एकच विचारलं, "मी चोरी करतो का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. व्यवसायाने मी लोकांना प्रश्न विचारते. त्या दिवशी माझी पाळी होती.

नंतर २०२० चा मार्च आला आणि टाळेबंदी. ऐन मोसमात दुकान बंद. अशा वेळी एके रात्री गावातल्या औषधाच्या दुकानदाराचा फोन आला. फ्रिज बंद पडला होता आणि आत इन्शुलिन. ते दोन ते आठ अंशांत राहायला हवं, नाहीतर वाया. पोलिसांकडून परवानगी काढून भाऊ गेला आणि पहाटे तीनला परत आला. अण्णा ओसरीत जागे होते. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "वाचलं का सगळं?" त्याच्या कामाविषयी अण्णांनी विचारलेला तो पहिला प्रश्न.

मोसमाचा प्रश्न सुटला तो केळ्यांमुळे. रावेर-यावलचा पट्टा केळ्यांचा. आता केळी पिकवायला बंद खोल्या असतात. तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवायचं, इथिलीन वायू सोडायचा आणि केळी एकसारखी पिवळी होतात. एका व्यापाऱ्याची तक्रार होती की मशीन ठीक असूनही माल काही ठिकाणी हिरवाच राहतो. दोन मेकॅनिक येऊन गॅस भरून गेले होते. भावाने मशीनला हातही लावला नाही. त्याने विचारलं, "खोली उघडता कधी?" पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो आत साचला की पिकणं मंदावतं. ठरावीक वेळाने हवा बदलायला सांगितली आणि पंख्याची दिशा फिरवली. काम झालं. त्या एका खोलीवरून पुढे सात-आठ खोल्यांच्या वर्षभराच्या देखभालीचं काम मिळालं, मग दूध थंड करणाऱ्या टाक्यांचं. भिंतीवरची पदवी अशी एका केळ्यांच्या खोलीत उपयोगी पडली.

२०२१ च्या अखेरीस चाळीसगावचं स्थळ आलं. मुलगी बी.कॉम., एका करसल्लागाराकडे काम करणारी. पाहण्याच्या कार्यक्रमात वडीलधाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न झाले. मग तिने सरळ विचारलं, "पावसाळ्यात काम किती असतं? आणि उधारी किती अडकलीय?"

खोलीत क्षणभर शांतता. मग आई हसली. आजवर कुणीही विचारला नव्हता असा, योग्य प्रश्न होता तो. भावाने आकडे सांगितले, खरे. दुसऱ्या वर्षी लग्न झालं. आता वह्यांच्या जागी संगणक आहे आणि सोमवारची यादी सासू-सून मिळून वाचतात.

सारं काही आलबेल आहे असं नाही. जुन्या एसीतला आर-२२ वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून हळूहळू बंद होतो आहे. नव्या मशीनमधला आर-३२ थोडासा ज्वालाग्राही आहे, निष्काळजीपणा अंगाशी येऊ शकतो. म्हणून मध्यंतरी तो पुन्हा आठ दिवस शिकून आला. हाताखाली तीन मुलं आहेत, त्यातला एक बी.ए. झालेला. तो पहिल्या आठवड्यात तोंड लपवून पेटी उचलायचा, असं भाऊ सांगतो. "त्याला काही बोललो नाही. मला माहीत आहे ते."

वाचकहो, तुमच्याही माडीवर एखादा पदवीधर बसला असेल. त्याला परीक्षा द्यायच्या असतील तर जरूर देऊ द्या, पण त्याच्याशी बोलून एक मुदत ठरवा. त्या मुदतीतही एखादं कसब हाताला लागू द्या. शिकताना प्रमाणपत्रापेक्षा कामाचे तास मोजा. कर्ज काढण्याआधी वर्षभर उमेदवारी करू द्या. दोन वह्या घालायला शिकवा. आणि हे सगळं करण्याआधी, त्याला दुसरी पोळी वाढा.

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा अण्णा दुकानात टेबलापाशी बसले होते. आता रोज सकाळी ते तिथेच असतात. माल कार्यालयात नोंदवही ठेवायचे तशी मोठी वही समोर, आणि त्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: तक्रार क्रमांक, वेळ, ठिकाण, कोण गेलं, परत कधी आलं. फोन वाजला. पलीकडच्या कुणीतरी जुन्या ओळखीच्या माणसाने चौकशी केली असावी.

अण्णा म्हणाले, "मुलगा ना? फ्रिज-एसी दुरुस्त करतो. तुमचा बिघडलाय का?"

मी तिथेच स्टुलावर बसून चहा घेत होते. २०१९ च्या डिसेंबरात मला एवढंच सांगायचं होतं.